जिथे थरथर नाही, तिथे रवा

विज्ञान दिन जवळ आला की मी एक पिशवी घेऊन शाळांमधून हिंडतो. पिशवीत वीतभर लांबीरुंदीचा चौकोनी पितळी पत्रा, जुन्या टेपरेकॉर्डरमधून काढलेला स्पीकर, त्याच्या पडद्यावर चिकटवलेला बोल्ट, हातात मावेल एवढा अ‍ॅम्प्लिफायर आणि अर्धा किलो रवा. पत्रा मधोमध बोल्टवर घट्ट बसवायचा, वर रवा भुरभुरायचा, मोबाइलवरून एक सूर सोडायचा आणि तो हळूहळू चढवत न्यायचा. बराच वेळ काहीच होत नाही. मुलं चुळबुळायला लागतात. मग एका ठिकाणी पत्रा एकदम किंचाळतो, रवा थयथय नाचतो आणि दोन-तीन सेकंदांत पत्र्यावर स्वच्छ रेघांची नक्षी उभी राहते. त्या क्षणी वर्गातून जो हुंकार येतो, त्याच्यासाठी ही पिशवी मी अजून जपून ठेवली आहे.

मागच्या खेपेला एका शाळेत मुलांबरोबर एक पालकही येऊन बसले होते. दोन-तीन नक्षी झाल्यावर म्हणाले, "सर, आता ॐ लावा की. श्रीयंत्र उमटतं त्यानं." मोबाइलवर त्यांनी तसा व्हिडिओही दाखवला. मी ॐकाराचं ध्वनिमुद्रण लावलं. रवा इकडून तिकडे उडाला, एक अर्धवट फुली झाली, मोडली, आणि बराचसा रवा टेबलाखाली गेला. गृहस्थ थोडे हिरमुसले. मग म्हणाले, "पत्र्यात काहीतरी गडबड आहे तुमच्या."

त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. जी काही गडबड असते ती पत्र्यातच असते.

लहरींची आणि कंपनांची इतकी चित्रं याआधी कोणत्याच पिढीच्या डोळ्यांसमोरून गेली नसतील. कृष्णविवरांच्या टकरीतून उठणारे तरंग, लाल-निळ्या ठिपक्यांचा थरथरता सूर्य, 'ब्रह्मांडाचा आवाज', पाण्यावर उमटलेली मंडलं. चित्रांशी माझं भांडण नाही, मी स्वतः त्यांच्यावरच पोट भरतो. भांडण आहे ते चित्रं कृतीशिवाय येतात याच्याशी. शेजारच्या काकूंनी दिलेली वडी आवडली तर आपण लगेच विचारतो, पाक एकतारी केला होता की दोनतारी. सूर्याच्या थरथरीचं चित्र आलं की मात्र 'वा!' म्हणून पुढच्या गटात ढकलतो. हे चित्र कशावर उठलं, किती पट फुगवलं, रंग कोणी भरले, हे विचारायची आपल्याला सवयच लागलेली नाही. आणि ती न लावणाऱ्यांत वर्तमानपत्रं, पाठ्यपुस्तकं, संशोधन संस्थांचे प्रसिद्धी विभाग आणि माझ्यासारखे पिशवीवाले मास्तर, सगळेच आलो.

आधी पत्र्याचंच घ्या. रव्याच्या रेघा पाहून मुलं म्हणतात, "हे आवाजाचं चित्र." मीही कित्येक वर्षं तसंच सांगत होतो. पण रवा जमतो तिथे पत्रा हलतच नसतो. जिथे थरथर जोरात आहे तिथून तो हाकलला जातो आणि जिथे शांतता आहे तिथे येऊन बसतो. पाठ्यपुस्तकं त्या जागांना निस्पंद म्हणतात. म्हणजे ज्याला आपण कंपनाचं चित्र म्हणतो, ते कंपन नसलेल्या जागांचा नकाशा असतो. पावसात रस्त्यावर कोरडी उरलेली जागा पाहून वर छत्री कुठे होती हे ओळखावं, तसला प्रकार.

रॉबर्ट हूकनं १६८० मध्ये काचेवर पीठ पसरून असं काहीतरी पाहिलं होतं. पण त्याचा पद्धतशीर अभ्यास करून १७८७ मध्ये आकृत्यांसह पुस्तक काढलं ते अर्न्स्ट क्लाड्नी या जर्मन माणसानं. तो पत्र्याच्या कडेवर व्हायोलिनचा गज ओढायचा, एका बोटानं कड हलकीच दाबून धरायचा, आणि बोट सरकवलं की नक्षी बदलायची. हे खेळ घेऊन तो युरोपभर हिंडला, १८०९ मध्ये पॅरिसला नेपोलियनसमोरही करून दाखवले. नेपोलियन हरखला खरा, पण तेवढ्यावर थांबला नाही. या रेघांमागचं गणित मांडणाऱ्याला फ्रेंच अकादमीतर्फे बक्षीस लावलं गेलं. सोफी जर्मेन या बाईंनी, ज्यांना बाई म्हणून कोणत्याही संस्थेत रीतसर शिकता आलं नव्हतं, तीनदा प्रयत्न करून १८१६ मध्ये ते मिळवलं. तरी गणितात कच्चे दुवे राहिलेच होते, आणि पत्र्याच्या कडांचा हिशेब नीट लागायला १८५० साल आणि किर्खहोफ हा जर्मन भौतिकशास्त्रज्ञ उजाडावा लागला. नक्षी उमटायला तीन सेकंद, ती उलगडायला साठ-पासष्ट वर्षं.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. त्याच पत्र्यावर, त्याच सुराला, रव्याच्या जोडीला फळ्याखाली साचलेली खडूची धूळ टाकून पाहा. रवा नेहमीसारखा रेघांवर जातो. धूळ मात्र उलटी निघते, जिथे पत्रा सर्वांत जास्त उसळतोय तिथे छोटे छोटे ढीग करून बसते. पत्रा एक, सूर एक, आणि चित्रं दोन, तीही एकमेकांच्या विरुद्ध. हे कोडं मायकेल फॅरेडेनं १८३१ मध्ये सोडवलं. थरथरत्या पत्र्यालगतची हवा फिरायला लागते, तिचे बारीक भोवरे होतात, आणि धूळ इतकी हलकी की ती पत्र्याचं न ऐकता हवेचं ऐकते. रवा जड, त्याला हवेची पर्वा नाही. हवा काढून घेतली तर धूळही मुकाट्यानं रेघांवर जाते.

म्हणजे चित्रात दिसतं ते आवाज, पत्रा, कडा, बोल्ट, पावडर आणि हवा या सगळ्यांनी मिळून केलेलं असतं. यातली एक गोष्ट बदलली की चित्र बदललं. मग एखाद्या शब्दाचं, एखाद्या मंत्राचं 'स्वतःचं' चित्र असायचं कसं? चौकोनी पत्र्यावर चार बाजूंनी सारखी नक्षी येते, कारण पत्रा चौकोनी आहे. गोल ताटलीत वर्तुळं आणि पाकळ्या येतात, कारण ताटली गोल आहे. शिवाय ॐ हा काही एक सूर नव्हे. 'ओ'पासून 'म्'पर्यंत जाताना ओठ मिटतात, आवाजाचा पोत बदलतो. माझ्या आजीचा ॐ आणि शेजारच्या पोराचा ॐ यांत एका सप्तकाचा फरक. त्याच पत्र्याला त्याच उंचीचा सूर एसटीच्या भोंग्यानं दिला तरी नक्षी तीच येईल. ॐच्या पावित्र्याला रव्याची साक्ष काढायची गरज नाही, आणि ज्यांना ती काढावीशी वाटते त्यांच्या श्रद्धेचीच मला काळजी वाटते.

बरं, कंपनांचं मर्म आपल्या परंपरेत शोधायचंच असेल तर ते शोधायला श्रीयंत्रापर्यंत जायचं कारण नाही, तबल्याच्या पुडीवरच ते बसलेलं आहे. नुसतं ताणलेलं गोल कातडं बेसूर असतं. त्याच्या कंपनांचे जे निरनिराळे प्रकार आहेत त्यांच्या वारंवारता पहिल्याच्या १.५९ पट, २.१४ पट, २.३० पट अशा वेड्यावाकड्या पडतात. म्हणून डफावर किंवा हलगीवर ताल धरता येतो, पण षड्जाला मिळवलेल्या तबल्यासारखा सूर येत नाही. आपल्याकडच्या कोणा अनाम कारागिरांनी मधोमध शाई, म्हणजे तो काळा गोल, दिली, खळीत लोहचूर्ण कालवून, थरावर थर चढवून, दगडानं घोटून घोटून, आणि त्या वजनानं वारंवारता जवळजवळ पट्टीत आल्या: दुप्पट, तिप्पट, चौपट. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी हे १९२० मध्ये आणि मग सविस्तर १९३४ मध्ये मांडलं. कातड्यावर बारीक वाळू टाकून, थाप मारून, ती कुठे गोळा होते हे पाहून. कंपनांचे नऊ प्रकार पाच स्वरांत कसे जमून बसतात हे त्यांनी त्या वाळूच्या रेघांवरून दाखवलं. ज्यांच्या नावानं विज्ञान दिन साजरा करतो त्यांचं हे काम शाळांमध्ये मी फारच क्वचित ऐकलंय.

तबला शिकणाऱ्या प्रत्येकानं गुरुजींचं ओरडणं खाल्लेलं असतं, "अनामिका हलकी ठेव, दाबू नकोस!" 'ना' वाजवताना अनामिका शाईच्या कडेला अलगद टेकलेली असते आणि तर्जनी चाटेवर, म्हणजे पुडीच्या कडेच्या पट्टीवर, पडते. ते अलगद टेकलेलं बोट मूळ कंपनाला गप्प बसवतं आणि बोटाखालून रेघ जाणारी कंपनं तेवढी जिवंत ठेवतं. क्लाड्नीचं कडेवरचं बोट ते हेच. यात गूढ काही नाही, कृती मात्र शंभर टक्के आहे: शाई किती, कुठे, बोट कुठे, किती हलकं. मला वाटतं, कोणी त्या पालकांना श्रीयंत्राच्या व्हिडिओऐवजी एखाद्या तबलेवाल्याच्या दुकानात तासभर बसवलं असतं, तर त्यांनी मला तो प्रश्न विचारला नसता. असो.

आता थोडं वर पाहू. सूर्यही थरथरतो. रॉबर्ट लेटन यांनी १९६० च्या सुमाराला पाहिलं की त्याचा पृष्ठभाग साधारण दर पाच मिनिटांनी वरखाली होतो. पुढे कळलं की ही सूर्याच्या पोटात कोंडलेल्या ध्वनिलहरींची लाखो कंपनं आहेत, एकाच वेळी चाललेली. ती अखंड पाहता यावीत, रात्र आडवी येऊ नये, म्हणून पृथ्वीभोवती सहा ठिकाणी दुर्बिणी बसवल्या. त्यातली एक १९९५ पासून उदयपूरला आहे. या कंपनांवरून सूर्याच्या आतलं वाचता येतं. केंद्रापासून त्रिज्येच्या सुमारे ७१ टक्के अंतरावर उकळीचा थर सुरू होतो, हा आकडा असाच मिळाला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शशिकुमार चित्रे, एच. एम. अंतिया अशा मंडळींनी या शाखेत मोलाचं काम केलं.

पण सर्वांनी पाहिलेलं चित्र कोणतं? लाल आणि निळ्या चौकटींनी मढवलेला फुटबॉलसारखा गोळा, डुगडुगणारा. तो गोळा कोणत्याही दुर्बिणीला कधी दिसलेला नाही. ते लाखोंतल्या एकाच कंपनाचं गणितानं काढलेलं चित्र आहे. लाल म्हणजे आपल्यापासून दूर जाणारा भाग, निळा म्हणजे जवळ येणारा, आणि डुगडुग भयानक फुगवलेली. चौदा लाख किलोमीटर व्यासाच्या सूर्यावर अशा एका कंपनाचा वेग सेकंदाला जेमतेम काही सेंटिमीटर, म्हणजे गोगलगायीच्या चालीच्या वर पण मुंगीच्या धावण्याच्या आसपास. फुगवू नये असं मी म्हणत नाही, फुगवल्याशिवाय दिसणार काय? पण चित्राच्या कोपऱ्यात तेवढं लिहा.

न लिहिण्याचा परिणाम २०२० च्या जानेवारीत सगळ्या देशानं पाहिला. 'सूर्यातून ॐ ध्वनी येतो, नासानं मुद्रित केला' असा व्हिडिओ फिरला, जबाबदार पदावरच्या लोकांनीही पुढे पाठवला. आता मूळ कृती पाहा. सूर्याच्या या कंपनांचे खरोखरच ध्वनी केलेले आहेत. सूर्यावर नजर ठेवणाऱ्या सोहो यानाच्या उपकरणानं चाळीस दिवस गोळा केलेली मोजमापं घेऊन ती सुमारे ४२ हजार पट वेगानं वाजवली. पाच मिनिटांचं एक कंपन म्हणजे ३०० सेकंदांत एक. त्याला ४२ हजारांनी गुणलं की सेकंदाला १४० येतात. पुरुषी आवाजाच्या खर्जातला एक घुमारा. ३० हजारांनी गुणलं असतं तर आणखी खाली घुमला असता, ४ लाखांनी गुणलं असतं तर शिट्टी ऐकू आली असती, आणि तेव्हा सूर्य कुकरसारखा वाजतो असं कोणी म्हटलं असतं. लांब, न बदलणारा, खर्जातला घुमारा कोणत्याही भारतीय कानाला ॐसारखा वाटणारच. आपण तेच ऐकत वाढलो. ४२ हजार हा आकडा त्या आवाजासोबत कायमचा चिकटून फिरला असता, तर अफवेला पाय फुटणं बरंच अवघड गेलं असतं.

पर्सियस दीर्घिकासमूहाचंही तेच. सुमारे २५ कोटी प्रकाशवर्षं दूर, तिथल्या तप्त वायूत कृष्णविवराच्या उचापतींनी तरंग उठतात. नासाच्या चंद्रा या अवकाशातल्या क्ष-किरण वेधशाळेनं २००३ मध्ये ते दाखवले. एक तरंग पूर्ण व्हायला साधारण एक कोटी वर्षं. २०२२ मध्ये त्याचा ध्वनी करून प्रसिद्ध केला आणि जगभर 'कृष्णविवराचा आवाज' म्हणून गाजला. तो ऐकता यावा म्हणून ५७ आणि ५८ सप्तकं वर चढवला होता. आपल्या पेटीत साडेतीन सप्तकं असतात. माणसाचा कान सगळा मिळून दहाएक सप्तकं ऐकतो. इथे नासाला दोष देता येत नाही, त्यांनी ५७ चा आकडा लिहिला होता. पण तो लिहिला होता खाली, मजकुरात. ध्वनिफीत मोबाइलमोबाइलवर पोचेपर्यंत मजकूर वाटेतच गळून पडला. म्हणून माझा आग्रह असा की कृती चित्राच्या आतच असावी. खाद्यपदार्थाच्या पाकिटावर हिरवा ठिपका असतो ना, वेगळ्या कागदावर नव्हे, पाकिटावरच, तसा. मूळ हालचाल किती होती, किती पटींनी फुगवली वा वेगवली, रंगांचा अर्थ काय: एवढं एका ओळीत मावतं, आणि ध्वनी असेल तर सुरुवातीच्या दोन सेकंदांत बोलून सांगता येतं.

लोक म्हणतात, कृती सांगितली की जादू जाते. माझा वर्गातला अनुभव असा की रव्याच्या नक्षीपेक्षा खडूची धूळ उलटी निघते तेव्हा ओरडा मोठा होतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. विज्ञानातलं प्रत्येक चित्र शेवटी भाषांतरच असतं, मग लहरींचीच चित्रं का धरायची? कबूल. गुरुत्वलहरी म्हणजे कृष्णविवरांच्या टकरीसारख्या घटनांतून उठणारे खुद्द अवकाशाचे तरंग. त्यांचा पहिला संकेत, १४ सप्टेंबर २०१५ चा, ज्या प्रसिद्ध आलेखातून जगानं पाहिला, तोही कच्चा नव्हता. ३५ ते ३५० हर्ट्झबाहेरचं (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं) सगळं गाळून, आणि अमेरिकेतल्या लिगोच्या दोन वेधशाळांचे आलेख जुळावेत म्हणून एकाला ६.९ मिलिसेकंद सरकवून आणि उलटा करून काढलेला होता. हे सगळं त्या शोधनिबंधातल्या आकृतीखाली लिहिलेलं आहे. वेधशाळेच्या चार किलोमीटर लांब भुजेत झालेला बदल प्रोटॉनच्या व्यासापेक्षाही काहीशे पटींनी लहान असेल, तर असं गाळल्याशिवाय दिसेलच काय? गोंगाटातून ओळखीचा नमुना शोधून काढण्याच्या ज्या पद्धतीवर हे सगळं उभं आहे, तिच्यात पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या संजीव धुरंधरांचा मोठा वाटा आहे. शास्त्रज्ञ आपसात कृती लपवत नाहीत. ती आपल्यापर्यंत येताना कापली जाते आणि आपल्या वाट्याला येते अवकाश म्हणून दाखवलेली रबराची चादर, तिच्यात पडलेले खळगे, आणि 'विश्वाचा आवाज ऐका' असा मथळा. गुरुत्वलहर हा ध्वनी नाही. तो पहिला संकेत ३५ पासून २५० हर्ट्झपर्यंत चढत गेला आणि ही पट्टी योगायोगानं आपल्या कानाची आहे, एवढंच.

ध्वनीत रूपांतर करणंच बंद करा, असं मात्र कोणी यातून काढू नये. वांडा दियाज-मर्सेद या दृष्टिहीन खगोलशास्त्रज्ञ आकाशातली मोजमापं कानांनी वाचतात, आणि ते जमतं ते त्यांना कोणता आकडा कोणत्या सुराला बांधलाय हे नेमकं माहीत असतं म्हणून.

हा प्रश्न आपल्या दारात आलाय. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लिगो-इंडिया ही गुरुत्वलहरी टिपणारी वेधशाळा उभी राहणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपयांना मंजुरी दिली. त्या भागातल्या लोकांना लहरींची ओळख पुस्तकातून करून द्यायची गरज नाही, २०२४ च्या मार्चमध्ये आणि जुलैमध्ये पायाखालची जमीन हललेली त्यांनी अनुभवली आहे. उद्या तिथल्या शाळांत भिंतीवर रबराच्या चादरीचं पोस्टर लागेल. मुलं विचारतील, ही लहर आमच्या भूकंपासारखी का? त्यांना नुसतं पोस्टर दाखवायचं, की भूकंपाची लहर दगडातून येते, ही कशातूनच येत नाही, आणि ही मोजायची तर आधी ती पहिली गाळावी लागते, हे आलेखावर बोट ठेवून दाखवायचं? पोस्टर छापायच्या आधीच हे ठरलेलं बरं. प्रत्येक शाळेला एक पत्रा, एक स्पीकर आणि पाव किलो रवा, हा खर्च त्या २६०० कोटींत कुठे दिसणारही नाही.

त्या पालकांच्या प्रसंगानंतर मी फळ्यावर कृती लिहायला लागलो. पत्रा चौकोनी, पितळी, मधोमध बोल्ट. सूर अमुक हर्ट्झ. वर रवा. पुढच्याच शाळेत एक सातवीतली मुलगी दुसऱ्या दिवशी घरून स्टीलची ताटली आणि भावाचा ब्लूटूथ स्पीकर घेऊन आली. तिची नक्षी आली नव्हती. ताटली नीट बसवलेली नव्हती, कड वळलेली होती, हे तिचं तिलाच बऱ्यापैकी कळलं होतं. मी काही बोलायच्या आत तिनं खडू उचलला आणि माझ्या कृतीखाली लिहिलं: "साबुदाणा घेऊ नये. घरंगळतो."